इंग्रजी ‘हळूहळू’ कसं मोजते?

इंग्रजी व्याकरण शिकवताना एक नियम घोटून घेतला जातो: ‘नो’ (माहीत असणे), ‘अंडरस्टँड’, ‘रिझेंबल’ यांसारख्या स्थिती सांगणाऱ्या क्रियापदांना ‘-इंग’ लावायचं नाही. ‘शी इज रिझेंबलिंग हर मदर’ हे वाक्य चूक, कारण आईसारखं दिसणं ही काही चालू असलेली क्रिया नव्हे. आता त्याच वाक्याला ‘मोअर अँड मोअर’ जोडा. ‘शी इज रिझेंबलिंग हर मदर मोअर अँड मोअर’. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या कानांना हे वाक्य खटकत नाही. पुढे ‘अ‍ॅज द इयर्स गो बाय’ म्हटलं, तर ते आणखी सहज वाटतं.

बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ साली ‘अ‍ॅस्पेक्ट’ या पुस्तकात अशा वाक्यांकडे लक्ष वेधलं होतं. इथे नियम मोडत नाही, वाक्याचा विषयच बदलतो. आधी ते साम्य ‘आहे की नाही’ एवढंच सांगत होतं; आता ते साम्याचं प्रमाण सांगतं, आणि प्रमाण वाढत असतं. म्हणजे तिथे खरोखरच काहीतरी चालू असतं. मराठीत हे काम ‘ती आईसारखी दिसत चालली आहे’ यातलं ‘चालणे’ करतं. इंग्रजीत तसं सहायक क्रियापद नाही, म्हणून तिला वाक्यात इतरत्र मोजपट्टी ठेवावी लागते. ही मोजपट्टी कुठे लपलेली असते, हे शोधणं मला या विषयातलं सर्वांत सुंदर काम वाटतं.

झेनो व्हेंडलर यांनी १९५७ मध्ये क्रियापदांची काळाच्या अंगाने चार गटांत विभागणी केली: नुसती स्थिती, चालू राहणारी क्रिया, शेवटाकडे जाणारी क्रिया आणि क्षणात घडणारी घटना. यातले मधले दोन गट ओळखायला एक सोपी कसोटी आहे. ‘तासभर’ या अर्थाचं ‘फॉर अ‍ॅन अवर’ चालतं, की ‘तासाभरात’ या अर्थाचं ‘इन अ‍ॅन अवर’? चालणं तासभर होतं. घर बांधणं वर्षभरात होतं. पण ‘कूल’, म्हणजे थंड होणं, दोन्हींकडे बसतं. ‘द सूप कूल्ड फॉर टेन मिनिट्स’ बरोबर आणि ‘द सूप कूल्ड इन टेन मिनिट्स’ हेही बरोबर. डेव्हिड डाउटी यांनी १९७९ मध्ये अशा क्रियापदांचा बारकाईने विचार केला. ‘कूल’, ‘वाइडन’, ‘लेंग्थन’ ही रोजच्या बोलण्यातली क्रियापदं कुठल्याच खणात नीट मावत नव्हती.

पुढे १९९९ मध्ये जेनिफर हे, ख्रिस्तोफर केनेडी आणि बेथ लेव्हिन यांनी याचं उत्तर क्रियापदाच्या पोटातल्या विशेषणात शोधलं. ‘ड्राय’ म्हणजे कोरडं. कोरडेपणाला टोक असतं: पाण्याचा अंशही उरला नाही की संपलं. म्हणून ‘कम्प्लीटली ड्राय’ म्हणता येतं. ‘वाइड’ म्हणजे रुंद. रुंदीला वरचं टोक नाही, म्हणून ‘कम्प्लीटली वाइड’ विचित्र वाटतं. क्रियापद बनताना विशेषणाची ही मोजपट्टी सोबत येते. ‘भेग रुंदावते आहे’ हे खरं असेल, तर ती थोडी तरी रुंदावलेली आहेच. ‘इज वायडनिंग’मधून ‘हॅज वायडन्ड’ आपोआप निघतं. ‘सदरा सुकतो आहे’ यावरून मात्र तो सुकला आहे असं ठरत नाही, कारण ‘हॅज ड्राइड’ म्हणायला टोक गाठावं लागतं. थंड होण्याचं टोक शब्दात नसतं, ते प्रसंगातून येतं: सूप पिण्याजोगं झालं की पुरे. म्हणूनच ‘कूल’ दोन्ही कसोट्यांना उतरतं. बोलणाऱ्याला या भेदाची कल्पनाही नसते, तरी तो ‘फॉर’ आणि ‘इन’ अचूक वापरतो.

इथे थोडं आडवाटेला जायला हवं. विशेषणाला ‘-अन’ हा प्रत्यय लावून इंग्रजी अशी बरीच क्रियापदं घडवते: ‘रेडन’, ‘ब्लॅकन’, ‘व्हाइटन’, ‘डार्कन’. मग हिरवं होण्याला ‘ग्रीनन’ आणि निळं होण्याला ‘ब्लूअन’ का नाही? अडचण अर्थाची नाही, ध्वनीची आहे. हा प्रत्यय साधारणपणे एकाच झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या (एकाच ‘सिलॅबल’च्या) शब्दाला लागतो आणि त्याच्या शेवटी ट, ड, क, फ, थ असा हवा अडवणारा किंवा घासून सोडणारा ध्वनी लागतो. ‘ग्रीन’चा न आणि ‘ब्लू’चा स्वर त्याला चालत नाहीत. ‘लाँग’ आणि ‘स्ट्राँग’सुद्धा नापास होतात; तिथे भाषेने ‘लेंग्थ’ आणि ‘स्ट्रेंग्थ’ ही नामं पुढे केली, कारण त्यांच्या शेवटी थ आहे. ‘लेंग्थन’, ‘स्ट्रेंग्थन’ तशी आली.

जिथे प्रत्यय लागत नाही, तिथे ‘होणे’ या अर्थाचं वेगळं क्रियापद लागतं. जुन्या इंग्रजीत त्यासाठी ‘वेओर्थन’ होतं. जर्मनमध्ये त्याचं भावंड ‘वेर्डन’ आजही रोज वापरलं जातं, इंग्रजीतून मात्र ते नाहीसं झालं. त्याची जागा ‘बिकम’, ‘गेट’, ‘ग्रो’, ‘टर्न’, ‘गो’, ‘कम’ अशा अनेकांनी वाटून घेतली, आणि या वाटणीत बोलणाऱ्याचा दृष्टिकोन शिरला. दूध नासतं तेव्हा ते ‘गोज सावर’, माणसाची दृष्टी जाते तेव्हा तो ‘गोज ब्लाइंड’. स्वप्न मात्र ‘कम्स ट्रू’. ईव्ह क्लार्क यांनी १९७४ मध्ये दाखवलं की नेहमीच्या किंवा हव्याशा स्थितीपासून दूर जाणं ‘गो’ने सांगितलं जातं, तिच्याकडे येणं ‘कम’ने. हळूपणा सर्वांत जास्त मुरलेला आहे तो ‘ग्रो’मध्ये. ‘इट ग्रू डार्क’ म्हटलं की अंधार टप्प्याटप्प्याने दाटतो.

‘मोअर अँड मोअर’, ‘वॉर्मर अँड वॉर्मर’ यांत शब्दाची पुनरुक्ती आहे. १९२१ मध्ये एडवर्ड सपीर यांनी लिहिलं होतं की शब्दाची द्विरुक्ती जगभरच्या भाषांत वाढ, पुनरावृत्ती, सातत्य अशा अर्थांसाठी वापरली जाते. ‘हळूहळू’ म्हणणाऱ्या आपल्याला ते वेगळं पटवून द्यायला नको. पण इंग्रजीत दोन सारख्या शब्दांमध्ये कोणतं अव्यय बसतं, यालाही महत्त्व आहे. ‘डे बाय डे’मध्ये प्रत्येक दिवस मापाचा एक घटक असतो: रुग्णाची प्रकृती ‘डे बाय डे’ सुधारते. ‘डे आफ्टर डे’मध्ये दिवस एकामागून एक येतात आणि बहुधा काहीच बदलत नाही, तेच काम, तेच ‘डे आफ्टर डे’.

माप हा शब्द मी सहज वापरलेला नाही. जुन्या इंग्रजीत ‘थेंबाथेंबाने’, ‘पावलापावलाने’ म्हणायला नामाला ‘-मॅलुम’ जोडत. त्याचा अर्थ ‘एका वेळचं माप’. त्यातलं ‘-मील’ आज ‘पीसमील’ या शब्दात उरलं आहे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मधला कॅलिबन प्रॉस्पेरोला शाप देताना ‘इंचमील’ म्हणतो, म्हणजे रोगाने त्याला इंचाइंचाने ग्रासावं. जेवणाला इंग्रजीत ‘मील’ म्हणतात तोही मुळात हाच शब्द, ठरलेल्या वेळेचा.

दोन मोजपट्ट्या एकमेकींना बांधायच्या असतील, तर ‘द मोअर यू वेट, द हार्डर इट गेट्स’ अशी रचना येते, आपल्या ‘जसजसं... तसतसं’सारखी. यातलं ‘द’ हे नेहमीचं उपपद नाही. ते जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाच्या तृतीयेसारख्या रूपातून आलं आहे, अर्थ ‘तेवढ्याने’.

मोजणारे शब्द स्वतःही स्थिर राहिले नाहीत. ‘सून’चा जुना अर्थ ‘ताबडतोब’. ‘अनॉन’चाही तोच. ‘बाय अँड बाय’ आधी ‘एकेक करून’ होतं, मग ‘लगेच’ झालं, मग ‘थोड्या वेळाने’. ‘लगेच करतो’ म्हणणारे लगेच करत नाहीत, आणि ऐकणारे शब्दाचा अर्थ त्या अनुभवाप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या सैल करत जातात. ‘प्रेझेंटली’ही असंच ‘तत्क्षणी’पासून ‘थोड्या वेळात’पर्यंत घसरलं. त्याचा ‘सध्या’ हा अर्थही वापरात आहे, विशेषतः अमेरिकेत, आणि तो चूक ठरवणारे जाणकार अजूनही भेटतात.