धमनीची भिंत दिसू लागली तेव्हा

अँजिओग्राफीत क्ष-किरणांना धमनीची भिंत दिसत नाही. आत सोडलेले रंगद्रव्य जिथवर पोचते तिथवरची सावली तेवढी पडद्यावर उमटते. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स यांचा कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीत सरकवायची बारीक नळी, चुकून उजव्या कोरोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) धमनीत शिरला आणि कोरोनरीची ही तपासणी जन्माला आली. पुढची कित्येक वर्षे हृदयरोगाचे निदान, बायपासचा निर्णय, १९७७ पासून ग्रुंटसिग यांची, फुग्याने अरुंद धमनी रुंद करणारी अँजिओप्लास्टी, सारे याच सावलीच्या भरवशावर चालले.

या भरवशाला खरा तडा गेला तो शवविच्छेदनातून. शिकागोच्या सेमूर ग्लागोव्ह यांनी १३६ हृदयांमधली डावी मुख्य धमनी तपासून १९८७ मध्ये दाखवून दिले की मेदाचा थर साचू लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगत जाते. त्यामुळे थराने सुमारे ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंद होतच नाही. म्हणजे आजार बराच पुढे गेलेला, आणि सावली मात्र निर्दोष. ‘अँजिओग्राफी नॉर्मल आहे’ हे वाक्य रुग्णाला सांगताना म्हणूनच जपून सांगायला हवे, असे मला मनापासून वाटते.

भिंतीच्या आत डोकावणारे साधन तोवर आकाराला येत होते. रॉटरडॅमच्या क्लास बॉम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅथेटरच्या टोकाभोवती ध्वनिलहरी सोडणारे आणि टिपणारे ३२ सूक्ष्म घटक बसवले होते. पण ते हृदयाच्या कप्प्यांसाठी होते, कोरोनरीच्या मानाने जाड. १९८०च्या दशकात पॉल यॉक यांनी फिरत्या टोकाचा बारीक कॅथेटर विकसित केला आणि दशक संपता संपता जिवंत माणसाच्या कोरोनरीची आडवी चकती पडद्यावर दिसू लागली. हेच आयव्हस, म्हणजे इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड, रक्तवाहिनीच्या आतून केलेली सोनोग्राफी. कॅथेटर हळूहळू मागे ओढत न्यायचा, परतणाऱ्या ध्वनिलहरींतून थराची जाडी, कॅल्शियम, धमनीची खरी रुंदी मोजायची.

याचा सर्वांत मोठा फायदा स्टेंटला, म्हणजे धमनी उघडी ठेवण्यासाठी आत बसवल्या जाणाऱ्या जाळीदार नळीला, झाला. सुरुवातीच्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याची इतकी धास्ती असे की रुग्णाला रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा भडिमार सोसावा लागे, आणि त्यातून रक्तस्राव होत. मिलानच्या अंतोनिओ कोलंबो यांनी आयव्हसने आत पाहिले. सावलीत नीट बसलेले दिसणारे अनेक स्टेंट प्रत्यक्षात पुरते उघडलेलेच नव्हते! फुग्याचा दाब वाढवून ते भिंतीला नीट टेकवल्यावर वॉरफरिनसारख्या औषधांची गरज उरली नाही. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभरची पद्धत पालटली.

तरीही आयव्हस रोजच्या वापरात यायला फार वेळ लागला. चीनमधील १,४४८ रुग्णांच्या ‘अल्टिमेट’ चाचणीत वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, किंवा स्टेंट घातलेल्या धमनीशी निगडित हार्ट अटॅक वा पुन्हा उपचार यांचे एकत्रित प्रमाण नुसत्या अँजिओग्राफीच्या आधारे स्टेंट बसवलेल्यांत ५.४ टक्के, तर आयव्हसच्या आधारे बसवलेल्यांत २.९ टक्के निघाले. ते साल होते २०१८. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत गुंतागुंतीच्या ब्लॉकेजसाठी आतून प्रतिमा घेण्याला सर्वोच्च दर्जाची शिफारस मिळाली ती २०२४ मध्ये.