एकदाच मिळणारी बिदागी: चित्रपटगीतांच्या रॉयल्टीमागचा इतिहास

मुंबई उच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी दिलेल्या एका अंतरिम आदेशाची बातमी फारशी कुणी वाचली नसेल. खासगी एफएम केंद्रांनी गाणं वाजवताना ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, म्हणजे रेकॉर्ड कंपनीला पैसे दिले की संपलं, असं नाही. ते गाणं लिहिणाऱ्याची आणि त्याला चाल देणाऱ्याची रॉयल्टी वेगळी द्यावी लागेल, असं त्या आदेशाचं सार होतं. दाद मागणारी संस्था होती इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस. गीतकार-संगीतकारांना त्यांच्याच गाण्याचे पैसे मिळावेत, एवढ्या साध्या गोष्टीसाठी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला २०२३ मध्येही न्यायालयात उभं राहावं लागत होतं. असं का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

पण त्याआधी एक समजूत बाजूला करायला हवी. कलावंताला पैसा सांभाळता येत नाही, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मराठी माणसाच्या तोंडी त्याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे बालगंधर्व. ते उदाहरण खोटं नाही. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह काढलेली गंधर्व नाटक मंडळी, पुढे दोघे भागीदार बाहेर पडल्यावर एकट्या नारायणरावांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या शिरावर आलेला कारभार, खरे भरजरी शालू, अत्तरं, तबल्याला थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, आणि या सगळ्याच्या तळाशी वाढत गेलेलं कर्ज. बालगंधर्वांच्या हाती पैसा आला आणि त्यांनी तो उधळला, हे खरंच आहे. मात्र ते कंपनीचे मालक होते. तिकीट खिडकीवर जमणारा गल्ला त्यांचा होता. ज्यांच्या हाती गल्ला कधी आलाच नाही, त्यांनाही आपण हेच माप लावत आलो. चित्रपटाच्या गाण्यांवर जगलेल्या बहुतेकांना मिळाली ती बिदागी: एकदाच, ठोक. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी तेवढीच.

सुरुवात तशी वाईट नव्हती. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात मुद्रणाला बसला तेव्हा गौहरजान आधीच नावाजलेली गायिका होती. एका बैठकीचे तिने ३,००० रुपये घेतल्याचं सांगतात. त्या काळात ही रक्कम अचाट होती, आणि भाव ठरवणारी ती होती. तबकडीच्या शेवटी ती ‘माय नेम इज गौहरजान’ असं इंग्रजीत सांगते. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला दाबल्या जात, तिथल्या कामगारांना कुणाचा आवाज कुठला हे कळावं म्हणून ही सोय होती. पण तबकड्या किती खपल्या याच्याशी तिच्या कमाईचा संबंध नव्हता. १९०८ मध्ये कंपनीने सियालदहला स्वतःचा कारखाना काढला आणि धंदा वाढत गेला. गौहरजानचे पैसे नातलगांच्या आणि कोर्टकचेऱ्यांच्या भानगडीत गेले, आणि शेवटी म्हैसूर दरबारच्या महिना ५०० रुपयांच्या नेमणुकीवर ती राहिली. १९३० च्या जानेवारीत ती तिथेच वारली.

काही बुजुर्ग गायकांनी या यंत्राला जवळच केलं नाही. अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, तरी त्यांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. घराण्याची विद्या तीन मिनिटांच्या तबकडीतून बाजारात जाईल, ही धास्ती त्या पिढीत बरीच होती. आपण तिला आज भाबडेपणा म्हणतो. पण एकदा बाहेर गेलेल्या आवाजावर आपला ताबा राहत नाही, एवढं त्यांना नेमकं उमगलं होतं.

बिगरफिल्मी तबकडीत निदान व्यवहार सरळ होता. जी. एन. जोशी हे वकिलीचं शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ गाऊन मराठी भावगीताची वाट मोकळी केली आणि पुढे एचएमव्हीत, म्हणजे ग्रामोफोन कंपनीतच अधिकारी म्हणून नोकरी धरली. गायक आणि कंपनी समोरासमोर बसत, करार दोघांत होई. बोलपट आल्यावर मध्ये तिसरा माणूस आला: निर्माता. गाणं आता चित्रपटासाठी होऊ लागलं. गीतकार, संगीतकार, गायक, वादक या सगळ्यांना पैसे निर्माता देई, मग गाण्यांचे हक्क तो कंपनीला देई, आणि कंपनीकडून येणारी रॉयल्टी निर्मात्याच्या घरी जाई. जोखीम त्याची, म्हणून फळही त्याचं, असा हा हिशेब. तो अगदीच गैर आहे असं मी म्हणणार नाही. पडलेल्या सिनेमाच्या संगीतकाराकडे कुणी पैसे परत मागायला जात नसे. पण सिनेमा आठवड्यात उतरला आणि गाणी चाळीस वर्षं वाजली, तर काय करायचं, याचं उत्तर या हिशेबात नव्हतं.

नावाचं तर विचारूच नका. १९४९ च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओवर गाणं लागल्यावर लोक विचारू लागले, ही कोण? तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव सांगितलं गेलं. पुढे १९५७ मध्ये फिल्मफेअरच्या सोहळ्यात शंकर-जयकिशन यांना ‘चोरी चोरी’साठी बक्षीस मिळालं, तेव्हा त्यातलं गाणं मंचावर गायला लताबाईंनी नकार दिला. गायकांना पुरस्कार नाही ना, मग गायकाविना वाजवा. दोन वर्षांत पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला.

त्यांचा हा करारीपणा कुठून आला, याचं उत्तर मला सांगलीत दिसतं. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ यांची बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी ऐन भरात होती. मग बोलपटाच्या मागे लागून त्यांनी सांगलीत चित्रपट कंपनी काढली, ‘कृष्णार्जुन युद्ध’ केला आणि सगळं बुडालं. एप्रिल १९४२ मध्ये पुण्यात दीनानाथ गेले तेव्हा घरातली थोरली मुलगी तेरा वर्षांच्या आतबाहेर होती. मालकीचा डोलारा कसा कोसळतो हे तिने पाहिलं होतं आणि बिदागीवर घर चालवणं म्हणजे काय हे तिला रोज कळत होतं. त्यामुळे साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी रॉयल्टीतला वाटा मागितला, तो अचानक सुचलेला हट्ट नव्हता. काही बड्या संगीतकारांना निर्माते रॉयल्टीतला हिस्सा देऊ लागले होते. मग गायकांना का नाही, असा त्यांचा सवाल होता. मुकेश, तलत महमूद अशी मंडळी त्यांच्या बाजूची होती.

महंमद रफींना ते पटलं नाही. ठरलेले पैसे घेतले, गाणं दिलं, आता निर्मात्याकडे आणखी कशाला मागायचं? रफींचा स्वभाव पाहता यात लबाडी शोधण्यात अर्थ नाही. कितीतरी छोट्या निर्मात्यांची गाणी त्यांनी नाममात्र पैशांत गायली. त्यांच्या लेखी बिदागी ठरली म्हणजे शब्द दिला गेला. पण त्यांच्या या भूमिकेने गायकांची फळी फुटली, हेही तितकंच खरं. दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं थांबवलं. त्या काळात रफींसोबतची कितीतरी द्वंद्वगीतं सुमन कल्याणपूर यांच्याकडे आली, एवढाच काय तो रसिकांचा लाभ. १९६७ च्या सुमारास समेट झाला. रॉयल्टीचा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्या ताकदीवर राहिला. लताबाईंना वाटा मिळू लागला कारण त्यांच्याशिवाय निर्मात्याचं अडत होतं. ज्याच्याशिवाय अडत नव्हतं त्याला काय मिळणार?

कायदा तोवर काय करत होता? १९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यात गायकाला काहीही हक्क नव्हता. आणि ‘संगीतकृती’ कशाला म्हणायचं, तर जी छापली, लिहिली किंवा चिन्हांत उतरवली आहे तिला. गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात उतरणाऱ्या संगीताच्या देशात ही व्याख्या १९९४ च्या दुरुस्तीपर्यंत टिकली!

यातली गंमत अशी की मुंबईच्या स्टुडिओत संगीत खरोखर कागदावर उतरवणारी माणसं होतीच. ती गोव्याची होती. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी शिकलेले हे वादक पोटापाण्यासाठी मुंबईत आले, हॉटेलांत जॅझ वाजवू लागले आणि तिथून स्टुडिओत शिरले. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, शिवाय फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. ती लिहून घेणं, व्हायोलिनच्या रांगा, ब्रास, मधले तुकडे हे सगळं कागदावर मांडणं यांचं काम. श्रेयनामावलीत लागलंच तर ‘साहाय्यक’ म्हणून नाव लागे. पैसे ठरलेल्या दराने. वाजवणाऱ्यांना तर तासांच्या आणि श्रेणीच्या हिशेबाने, सिने म्युझिशियन्स असोसिएशनने ठरवून घेतलेल्या दराने. असोसिएशनमुळे रोजचे पैसे तरी चोख मिळत. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूचं नाव १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गाण्यातच घातलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसना देशभर प्रसिद्धी मिळाली ती अशी, विनोदी गाण्याच्या ओळीतून. त्यांनी लिहिलेल्या स्वरलिपीच्या कागदांना कुणी कृती मानल्याचं दिसत नाही.

त्याच १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. आयपीआरएसने चित्रपटगृहांकडून आणि निर्मात्यांकडून गीत-संगीताचं शुल्क मागितलं होतं. कॉपीराइट मंडळाने संस्थेची बाजू घेतली, कलकत्ता उच्च न्यायालयाने निर्मात्यांची, आणि सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांचाच मुद्दा उचलून धरला: निर्मात्याने मोबदला देऊन गाणं करून घेतलं, वेगळा करार नसेल तर त्याचा पहिला मालक निर्माता. न्या. कृष्ण अय्यर यांनी जोडलेल्या टिपणात मात्र अस्वस्थता आहे. गाण्याचा जीव ज्याच्या गळ्यात, त्या गायकाला आपला कायदा काहीच देत नाही, याकडे संसदेने पाहावं असं त्यांनी सुचवलं. संसदेने पाहिलं ते १९९४ मध्ये, तेही अर्ध्या डोळ्याने: कलावंताला हक्क दिले, पण चित्रपटासाठी एकदा संमती दिली की ते संपतात असं कलमही सोबत घातलं.

दरम्यान कॅसेटचं युग येऊन गेलं. टी-सीरीजने जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन घेऊन स्वस्तात विकली, कायद्यातल्या एका पळवाटेमुळे मूळ गायकाला विचारायची गरज नव्हती. मग रिंगटोन आले. कराराच्या कागदावर तोवर एक वाक्य पक्कं झालं होतं: आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांतले सर्व हक्क कंपनीकडे. रिंगटोन म्हणजे काय हे ठाऊक नसताना सही केलेल्या संगीतकाराची चाल लाखो खिशांत वाजली. त्याला तिचा एक पैसा मिळाला नाही. आयपीआरएस होती, पण तिच्या कारभारात तोवर रेकॉर्ड कंपन्याच वरचढ झाल्या होत्या.

राज्यसभेत नियुक्त झालेल्या जावेद अख्तर यांनी हा विषय लावून धरला आणि मे २०१२ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. तिचा गाभा असा: गीतकार-संगीतकाराने करारात काहीही लिहून दिलं तरी, चित्रपटगृहात सिनेमासोबत वाजणं सोडून बाकी प्रत्येक वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा त्याला सोडताच येणार नाही. वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला तो देता येतो, कंपनीला नाही. गरजेपोटी माणूस कशावरही सही करतो हे मान्य करणारा हा कायदा आहे, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. व्यवहारात आयपीआरएसच्या वाटपात साधारणपणे निम्मं मालक कंपनीला, पाव गीतकाराला, पाव संगीतकाराला जातं. संस्थेची नव्याने नोंदणी व्हायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला. तोवर श्रोते यूट्यूबवर आणि ॲपवर गेले होते.

तिथला हिशेब वेगळाच. महिन्याला जमलेल्या एकूण रकमेचे वाटे एकूण ऐकण्याच्या प्रमाणात पडतात. तुमच्या वर्गणीतला मोठा भाग तुम्ही कधी न ऐकलेल्या गाण्यांना जातो. त्यातही ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा वाटा मोठा, लिहिणाऱ्या-बांधणाऱ्यांचा लहान. पण निदान तो दरवर्षी येतो. हप्त्याहप्त्याने येणाऱ्या पैशांचं काही नियोजन करता येतं. पंचवीस वर्षांपूर्वी एकरकमी आलेल्या आणि तेव्हाच घरभाड्यात संपलेल्या पैशांचं काय नियोजन करणार? गावोगावच्या मराठी गीतकारांना यातलं बरंच अजून ठाऊक नाही. कृतींची नोंद करायला हवी, नावाची स्पेलिंग सगळीकडे एक हवी, वारस नेमलेला हवा, नाहीतर आलेला पैसा तिथेच पडून राहतो.

गायकांना २०१२ च्या कायद्याने व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क दिला. त्यासाठी २०१३ मध्ये इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन नोंदली गेली, लताबाई तिच्या मागे उभ्या होत्या. कंपन्यांशी तिचे वाद बरीच वर्षं चालले.

वादकांचं काय? त्याच दुरुस्तीत ‘कलावंत’ या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी पुरवणी जोडलेली आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक स्वरूपाचा आहे आणि ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच नाही, त्याला कलावंत मानायचं नाही. आपल्या कलेची मोडतोड, विटंबना होऊ न देण्याचा एक हक्क तेवढा त्याला उरतो. सहभाग प्रासंगिक होता की नाही हे ठरवायची वेळ आली, तर नाव लागलेलं असणं हाच वादकाच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा. आणि नव्या मराठी किंवा हिंदी सिनेमाचं गाणं ॲपवर उघडून पाहिलं तर बहुतेक वेळा तिथे तीन नावं दिसतात: गायक, संगीतकार, गीतकार.