काउंटरवर झकास, द्वारकेला भकास

नाशिकच्या एम.जी. रोडवर हेडसेट घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक बहुधा एकाच पद्धतीने माल पारखतं. दुकानदार स्वतःच्या फोनवर एखादं दणदणीत गाणं लावतो, आवाज वरपर्यंत नेतो, हेडफोन कानावर चढवायला देतो आणि चेहऱ्याकडे बघत उभा राहतो. थोड्याच वेळात मान डोलायला लागते. मग दुसरा, जरा महागातला. तो आणखी भारी वाटतो आणि सौदा पटतो. यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. आपले कान आणि दुकानाची खोली दोघंही नकळत दुकानदाराच्या बाजूने असतात, एवढंच. माझं तर स्पष्ट मत आहे की वायरलेस हेडसेट पारखायला एसी दुकानाइतकी चुकीची जागा शोधून सापडणार नाही.

आधी कानांचं बघू. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधनसंस्थेतल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली एक गोष्ट मोजून दाखवली. आवाज लहान असताना खर्जातले आणि अगदी टिपेचे सूर आपल्याला फार कमी ऐकू येतात, मधल्या पट्टीतले मात्र व्यवस्थित येतात. आवाज वाढवत नेला की ही तफावत कमी होत जाते. म्हणजे गाणं तेच, हेडफोन तोच, पण नुसता आवाज वाढवला की ढोलकीला वजन येतं आणि झांजेला चमक. गंमत अशी की दोन हेडफोनच्या आवाजात एखाद-दोन डेसिबलचाच फरक असेल, तर आपल्याला ‘हा मोठा वाजतोय’ असं वाटत नाही, ‘हा चांगला वाजतोय’ असं वाटतं. त्यामुळे तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत कमी-जास्त करून घ्यायचा. गाणं आपल्याला पाठ असलेलं हवं आणि त्यात माणसाचा गळा हवा. माणसाचा आवाज कसा असतो हे आपल्याला जन्मापासून माहीत असतं. इलेक्ट्रॉनिक ठोके मुळात कसे वाजत होते, हे कोणाला ठाऊक?

कानात घालायचे बड्स असतील तर आणखी एक भानगड. टोकाचं सिलिकॉनचं रबर कानाच्या छिद्रात नीट बसलं नाही, तर फटीतून सगळ्यात आधी खर्ज निसटतो. मग हजाराचे आणि दहा हजारांचे बड्स सारखेच पिचके वाजतात. रबर बसलंय की नाही हे ओळखायला गाण्याची गरज नाही. तोंड मिटून ‘हं’ असा हुंकार द्या. कान नीट बंद झाला असेल तर स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, कारण हाडांमधून कानाच्या नळीत उतरलेल्या कंपनांना बाहेर पडायला वाट उरत नाही. एका कानात घुमला आणि दुसऱ्यात नाही, तर त्या बाजूला वेगळ्या मापाचं रबर लावा. आपले दोन्ही कान सारख्या मापाचे असतीलच असं नाही. अर्थात बरेच दुकानदार बड्सचं सील फोडत नाहीत, आणि इतरांच्या कानात जाऊन आलेले बड्स आपल्यालाही नको असतात. अशा वेळी मित्राचे स्पिरिटने पुसून घेतलेले बड्स बरे.

आता नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट पुसून टाकणारी करामत. दुकानदार बटण दाबतो आणि क्षणात सगळं शांत होतं. गिऱ्हाईक तिथेच विकलं जातं. पण शांत नेमकं काय झालं? एसीची घरघर आणि छतावरच्या पंख्याची घुंघुं. या यंत्राला सगळ्यात सोपा जाणारा आवाज हाच, आणि तो दुकानात फुकट उपलब्ध असतो.

असं का, हे समजून घेण्यासारखं आहे. आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढ-उतार. जिथे चढ आहे तिथे नेमका तेवढाच उतार आणून ठेवला, तर दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. पॉल ल्यूग या जर्मन माणसाला या कल्पनेचं अमेरिकन पेटंट १९३६ सालीच मिळालं होतं. पुढे १९७८ मध्ये बोस या स्पीकर-हेडफोनच्या कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना विमानप्रवासात इंजिनांच्या घरघरीने गाणं नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून हिशेब मांडायला सुरुवात केली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट आला. कल्पना जुनी आहे, अडचण वेळेची आहे. बड्सच्या बाहेरचा छोटा माइक गोंगाट टिपतो. तिथून कानाचा पडदा जेमतेम तीन सेंटिमीटरवर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे हे अंतर तो ९० मायक्रोसेकंदांच्या आत कापतो (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). तेवढ्यात आवाज मोजायचा, उलटा करायचा आणि आतल्या स्पीकरमधून सोडायचा.

समजा यंत्राला १०० मायक्रोसेकंद उशीर झाला. एसीची घरघर १०० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १०० आवर्तनांची असेल, तर तिचं एक आवर्तन १०,००० मायक्रोसेकंदांचं असतं. उशीर त्याच्या शंभराव्या हिश्शाचा. तरीही चढ-उतार जवळजवळ जुळतात आणि आवाजाचा दाब सोळाव्या हिश्शावर येतो. हाच उशीर १,००० हर्ट्झच्या आवाजाला लावला तर दाब फार तर चाळीसेक टक्क्यांनी घटतो. आणि ५,००० हर्ट्झला? तिथे पूर्ण आवर्तनच २०० मायक्रोसेकंदांचं. उलटी लाट अर्धं आवर्तन उशिरा पोचली की ती सुलटी होते. चढावर चढ बसतो आणि आवाज कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट दाबाने आदळतो. म्हणून कंपन्या वरच्या सुरांच्या नादीच लागत नाहीत. हजारेक हर्ट्झच्या पुढचं काम त्या कानातल्या रबरावर आणि हेडफोनच्या गादीवर सोडून देतात.

द्वारका चौकात संध्याकाळी उभं राहिलात की हे सगळं कानांनी ऐकता येतं. उड्डाणपुलावरच्या ट्रकांचा घरघराट पुसला जातो. रिक्षाचा हॉर्न, ब्रेकची किंकाळी, कंडक्टरची शिट्टी तशीच आत येते, उलट घरघर गेल्यामुळे आणखी टोचते. मिरवणुकीत तर हे यंत्र हातच टेकतं. नाशिक ढोलाचा दणका खर्जातला, म्हणजे तसा या यंत्राच्या हद्दीतला. पण तो खोडायला तेवढाच दणका उलटा तयार करावा लागतो, आणि करंगळीच्या नखाएवढ्या स्पीकरची तेवढी छाती नसते. ताशाची तडतड तर सरळच घुसते. म्हणून पारख करायची ती दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. दुकानदार ओळखीचा असेल तर तेवढं करू देतो.

तरी या करामतीचा खरा फायदा वेगळाच आहे आणि तो काउंटरवर कोणी सांगत नाही. गोंगाट कमी झाला की गाणं कमी आवाजात ऐकलं तरी चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलमागे हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास. सीबीएसहून नाशिकरोडला रोज बसने जाणारी पोरं गर्दीच्या आवाजावर मात करायला व्हॉल्यूम किती चढवतात हे शेजारी बसलं तरी ऐकू येतं.

हेडसेटवर गाणी सगळेच ऐकून बघतात, फोन कोणीच लावून बघत नाही. निम्मी रड तर तिथेच असते. गाणं चालू असताना ब्लूटूथची सगळी ताकद एकाच दिशेने, फोनकडून कानाकडे, वापरली जाते. सीडीतला मूळ आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट जागा घेतो. एसबीसी या सर्वसाधारण पद्धतीने तो दाबून चांगल्या दर्जात ३२८ किलोबिटपर्यंत आणतात. सोनीच्या एलडॅक या पद्धतीत ९९० पर्यंत जाता येतं, पण फोन आणि हेडसेट दोघांनाही एलडॅक येत असेल तरच. दुकानदाराच्या महागड्या फोनवर ऐकलेला आवाज तुमच्या फोनवर येईलच असं नाही, म्हणून जोडायचा तो आपलाच फोन.

कॉल लागला की माइकही चालू होतो, वाहतूक दुतर्फा होते आणि ब्लूटूथ वेगळ्याच, जुन्या वाटेवर उतरतं. त्या वाटेच्या सगळ्यात साध्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतले जातात, त्यामुळे ४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच पोचू शकत नाही. सुधारित प्रकारात १६,००० नमुने असतात, तिथे हद्द ८,००० हर्ट्झपर्यंत जाते. फरक पडतो तो ‘स’ला. ‘स’चा सगळा जीव त्या वरच्या फुत्कारात, चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे असतो. तो कापला गेला की ‘सातशे’ म्हटलेलं पलीकडे ‘आठशे’ ऐकू येऊ शकतं. लासलगावला कांद्याचा भाव विचारणाऱ्याला हा फरक कसा परवडणार? घरी कोणाला तरी फोन लावा, ‘सातशे, आठशे, साठ, आठ’ असे आकडे उलटसुलट सांगा आणि पलीकडे काय लिहून घेतलं ते विचारा. हे रस्त्यावर उभं राहून, जमलं तर वाऱ्यात करा. माइकच्या छिद्रावर वारा घासून जी खरखर होते ती बाहेरच्या गोंगाटासारखी नसते, ती माइकवरच जन्मते. दोन माइक लावून तोंडाच्या दिशेचाच आवाज निवडण्याची युक्ती तिथे फारशी चालत नाही. काही महागड्या बड्समध्ये जबड्याच्या हाडातली कंपनं टिपणारा सेन्सर असतो, तो मात्र वाऱ्याला दाद देत नाही.

पुढची परीक्षा गोल्फ क्लबच्या मैदानावर. फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात टाका, आवाज डाव्या कानात ऐका आणि जॉगिंग ट्रॅकवर एक फेरी मारा. दुकानात, घरात एकदाही न अडखळलेला हेडसेट इथे अडखळू शकतो. मोकळ्या जागेत ब्लूटूथ जास्त चांगलं चालायला हवं असं आपल्याला वाटतं, घडतं उलटं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या, सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या. त्यांची ताकद काही मिलिवॉट. माणसाचं शरीर बहुतांशी पाण्याचं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. खिसा आणि कान यांच्यामध्ये आपणच भिंत होऊन उभे असतो. खोलीत लहरी छतावरून, भिंतींवरून उसळ्या मारत वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मैदानावर उसळी मारायला भिंतच नसते. सुरुवातीच्या काही बड्समध्ये तर एका कानाकडून दुसऱ्याकडे आवाज पोचवायलाही डोकं आड यायचं, म्हणून काही कंपन्यांनी त्या दोन बड्समध्ये ब्लूटूथ न वापरता सुमारे १० मेगाहर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राचा वापर केला. ते शरीरातून सहज आरपार जातं.

शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडवर अडखळला तर कारण वेगळं. तिथे त्याच पट्ट्यात वायफाय आहे, शेजारच्या प्रत्येकाचं ब्लूटूथ आहे. त्यातून वाट काढायला नेहमीचं ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झच्या ७९ वाटांवर सेकंदाला १,६०० वेळा उड्या मारतं, आणि २००३ पासून गजबजलेल्या वाटा ओळखून टाळतं सुद्धा. इतकं करूनही स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू झाला की काही हेडसेट गांगरतात, कारण तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो.

उशीर हा आणखी एक मुद्दा. आवाज दाबणं, पाठवणं, उलगडणं यात साध्या हेडसेटला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. मैदानावर ६८ मीटरवरच्या फलंदाजाच्या बॅटला चेंडू लागलेला दिसतो आणि ‘टक्’ मागून येतं, तेवढा उशीर. व्हिडिओ बघताना हे कळत नाही, कारण ॲप चित्रच तेवढं थांबवून ठेवतं. तेव्हा व्हिडिओ लावून ‘ओठ जुळतायत’ असं म्हणण्यात अर्थ नाही. गेम लावा, किंवा कीबोर्डचा टकटक आवाज चालू करून मेसेज टाइप करा. बोट आणि आवाज यांतली फट लगेच जाणवते.

राहता राहिला फोन. दुकानात मांडलेला डेमो फोन हा नवरदेवासारखा सजवून बसवलेला असतो: उजेड पूर्ण, डोळे दिपवणारे व्हिडिओ चालू, बहुतेक वेळा आत सिमच नाही. दुकानात साधारण ५०० लक्स उजेड असतो, वैशाखातल्या उन्हात लाखाच्या आसपास. बाहेर नेऊन पाच-दहा मिनिटं नकाशा लावून ठेवा. उन्हात स्क्रीन आपोआप जास्त उजळते, पण फोन तापला की स्वतःला वाचवायला तीच मंदावते, आणि पत्ता शोधायची वेळ नेमकी तेव्हाच येते.

रेंजचे दांडे मोजू नका. किती सिग्नलला किती दांडे दाखवायचे हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएम या ताकदीच्या मापात मिळतो. उणे ८० चांगला, उणे ११० म्हणजे कसाबसा, आणि या दोहोंत ताकदीचा फरक हजारपट. फाइव्ह-जीचा ३,५०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा वेगवान खरा, पण भिंतींत ७०० मेगाहर्ट्झपेक्षा लवकर दम तोडतो. सिडकोतल्या दाटीवाटीच्या घरात आतल्या खोलीत हा फरक रोज भोवतो. नवा फोन घरी आणला की जुना आणि नवा एकाच खिडकीत ठेवा, एकच सिम आलटूनपालटून घाला, दोन्ही वेळा नेटवर्क फोर-जीवर पक्कं करा आणि आकडे टिपा. चार-पाचाचा फरक सोडून द्या, तेवढा तर हात फिरला तरी पडतो. दहा-बाराचा पडला आणि नवा फोन मागे राहिला, तर कव्हर काढून पुन्हा मोजा. पाठीला मॅग्नेटची पट्टी किंवा धातूची अंगठी लावलेली असेल तर ती आधी काढा. तरीही आकडा हलला नाही, तर बिल आणि खोका घेऊन बदलीची मुदत संपायच्या आत दुकान गाठा.