ईटी-ए आणि ईटी-बी: एक व्हिलन, एक हिरो हे आता बास करा

एंडोथेलिनवर (रक्तवाहिन्या आवळणारं, शरीरातच तयार होणारं रसायन) काहीही वाचायला घ्या, ते ठरलेलं वाक्य येतंच: ए रिसेप्टर (ईटी-ए) वाईट, बी (ईटी-बी) चांगला. रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ती जागा जिथे हे रसायन चिकटतं. परीक्षेपुरतं ठीक आहे हो, पण औषधं समजून घ्यायची म्हटलं की सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

ईटी-ए तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर. रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीवर बसतो, एंडोथेलिन-१ चिकटलं की पेशीत कॅल्शियम वाढतं, वाहिनी आवळते आणि बराच वेळ तशीच राहते. हे दीर्घकाळ चाललं की भिंत जाड होते, शिवाय दाहाचे सिग्नलही याच वाटेने पेटतात. एंडोथेलिनचे तीन प्रकार, १, २ आणि ३; ए ला एंडोथेलिन-३ फारसं आवडत नाही, बी ला तिन्ही सारखीच, हे एमसीक्यूपुरतं लक्षात ठेवा आणि सोडून द्या.

आता खरी गोम. ईटी-बी म्हटलं की माझा पहिला प्रश्न: कुठल्या पेशीवरचा? वाहिनीच्या आतल्या अस्तरावरचा बी नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही वाहिनी सैल करणारी रसायनं सोडायला लावतो, म्हणजे वाहिनी सैल. एंडोथेलिन-१ शिरेतून दिलं की ब्लडप्रेशर आधी थोडा वेळ पडतं आणि मग चढून बराच वेळ वरच राहतं, तो आधीचा खड्डा याच बी चा. फुप्फुसात हाच रक्तातलं एंडोथेलिन उचलून साफ करतो, किडनीत मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करतो. पण तोच बी स्नायूपेशीवर असला की वाहिनी चक्क आवळतो! आणि धमन्या कडक होण्याच्या आजारात किंवा पल्मोनरी हायपरटेन्शनमध्ये (फुप्फुसातल्या धमन्यांमधला दाब वाढण्याचा आजार) अस्तर आधीच खराब झालेलं असतं आणि स्नायूवरचा बी वाढलेला असतो, मग निरोगी वाहिनीतला हिरो इथे कुणाच्या बाजूने उभा आहे ते तुम्हीच बघा.

म्हणून 'फक्त ए बंद करणारं औषध म्हणजे आपोआप सरस' हे गणित मला पटत नाही. पल्मोनरी हायपरटेन्शनची दोन औषधं घ्या: बोसेंटन (मंजुरी २००१) दोन्ही अडवतं, अँब्रिसेंटन (मंजुरी २००७) मुख्यतः ए, पण पायावर सूज अँब्रिसेंटननेही येतेच, बी मोकळा ठेवून ती टळत नाही. उलट टोकाचे लोकही आहेतच, दोन्ही बंद म्हणजे दुप्पट फायदा म्हणणारे, तेही चूक.

अजून एक: बोसेंटन सुरू केल्यावर रक्तातलं एंडोथेलिन-१ वाढलेलं दिसलं की 'औषध लागू पडत नाहीये' असा निष्कर्ष काढू नका, साफसफाई करणारा बी तुम्हीच अडवलाय तर लेव्हल चढणारच.

आणि तो 'ड्युअल' शब्द, त्याने तर डोकंच फिरतं. बोसेंटन ड्युअल म्हणजे ए आणि बी. किडनीच्या आयजीए नेफ्रोपॅथीसाठी असलेलं स्पार्सेंटनही ड्युअलच म्हणवतं, पण ते अडवतं ईटी-ए आणि अँजिओटेन्सिनचा (वाहिन्या आवळणारं दुसरं एक हार्मोन) रिसेप्टर, बी ला हात लावणं त्याचं कामच नाही. दोन्ही एकाच रकान्यात टाकलेले तक्ते दिसले की मी पुढचं वाचतच नाही.