तोफेच्या नळीपासून टेंभूच्या पाइपलाइनपर्यंत

कृष्णेचं पाणी उपसून सातारा-सांगलीच्या दुष्काळी माळावर चढवणाऱ्या टेंभू योजनेचं आवर्तन सुटलं की आटपाडी, कवठे महांकाळकडे बोलणं होतं ते पाण्याचं, वीजबिलाचं, पाणीपट्टीचं. ते पाणी ज्या नळीतून टेकाड चढतं, तिचा इतिहास क्वचितच कुणी सांगतं. तो सांगायला हवा, कारण त्यातला बराचसा रणांगणावर घडला आणि त्यात आपल्या भागातली माणसंही होती.

उताराने पाणी न्यायला बंद नळी लागतच नाही. कास तलावाचं पाणी साताऱ्यात कितीतरी वर्षं उघड्या पाटाने आलं. जुन्या गावांतून हौदांपर्यंत खापरी नळ असत, पण भाजलेली माती फारसा दाब सोसत नाही. पाणी वर चढवायचं तर दाब पेलणारी नळी हवी. ही गरज आधी भासली ती बंदुकीच्या दारूला.

पेशव्यांचे सरदार असलेल्या पटवर्धनांच्या फौजांनी ती नळी समोरून येताना पाहिली. तासगावच्या परशुरामभाऊंनी 1790 मध्ये टिपूच्या ताब्यातल्या धारवाडला वेढा घातला आणि 1791 मध्ये हरिपंत फडक्यांसह ते श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत उतरले. म्हैसूरकरांची खास ताकद म्हणजे त्यांचे बाण, म्हणजे दारू भरून उडवायची रॉकेटं. बांबूच्या किंवा कागदाच्या नळीत दारू फार ठासली तर नळीच फुटते. म्हैसूरच्या कारागिरांनी लोखंडी नळी वापरली, त्यामुळे दाब वाढला आणि बाण एक किलोमीटरपलीकडे जाऊ लागला. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर यातले काही बाण इंग्लंडला गेले आणि ते पाहून विल्यम काँग्रिव्हने आपले रॉकेट तयार केले. 2018 मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातल्या एका जुन्या विहिरीत असे हजारावर बाण सापडले. त्या कारागिरांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, याची मला खंत वाटते.

युरोपात नळी उलट्या वाटेनेही गेली. 1815 च्या सुमारास लंडनमध्ये दिव्यांचा गॅस न्यायला विल्यम मर्डॉकने टाकाऊ बंदुकांच्या नळ्याच एकमेकींना जोडल्या. मागणी वाढली तशी 1825 मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउसने तापवलेली पट्टी साच्यातून ओढून नळी सांधायची रीत काढली. 1885 मध्ये जर्मनीच्या मान्नेसमान बंधूंनी सांधाच काढून टाकला. बिनसांध्याची नळी फाटायची भीती फार कमी झाली.

पुढे साधा पाइपच हत्यार झाला. 1912 मध्ये बंगळूरला मद्रास सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनिअर पलटणीच्या, कॅप्टन मॅक्लिंटॉकने स्फोटक भरलेले पाइप जोडून काटेरी तारांखाली सरकवायची युक्ती काढली. तीच बंगलोर टॉर्पेडो. तारांचे असे अडथळे पहिल्या महायुद्धाची ओळखच बनले. त्या युद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एकाच गावाचे 46 जवान कामी आले. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, ब्रिटिशांनी समुद्राच्या तळावरून फ्रान्सला पेट्रोलची पाइपलाइन नेली. त्यासाठीचा पोलादी पाइप भल्यामोठ्या तरंगत्या रिळांवर गुंडाळलेला होता. युद्ध संपल्यावर अॅल्युमिनियम स्वस्त झालं आणि झटपट जोडता येणारे हलके पाइप शेतात आले. तुषार सिंचन फोफावलं ते तेव्हापासून.

आपल्याकडे नळीला जोड मिळाली पंपाची. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वसलेल्या किर्लोस्करवाडीत 1926 मध्ये सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. कृष्णाकाठी जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर) आणि पाइपलाइन ही शेतकऱ्याची रोजची भाषा झाली. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांनी तेच काम मोठ्या पोलादी नळ्यांनी आणि टप्प्याटप्प्याच्या पंपांनी केलं. टेंभूला, कराडजवळ, उचललेली कृष्णा आज आटपाडीच्या माळावर पोचते.

लातूरपर्यंत मात्र अशी नळी नव्हती. म्हणून एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेच्या स्टेशनापर्यंत पाइप टाकून रेल्वेच्या वाघिणी कृष्णेच्या पाण्याने भरल्या गेल्या. पहिली गाडी 12 एप्रिलला लातूरला पोचली, 10 वाघिणी आणि सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन.