पिंप्राळा तोच, प्रभाग दर खेपेला नवा

जळगाव शहरात सामावलेल्या पिंप्राळ्यातल्या जुन्या माणसाला त्याचा प्रभाग क्रमांक विचारा. तो आधी "कोणत्या निवडणुकीतला?" असं विचारील. प्रश्न गमतीचा वाटला तरी रास्त आहे. महानगरपालिका झाल्यापासून या भागाच्या सीमा, नगरसेवकांची संख्या आणि मतदान यंत्रावर किती वेळा बटण दाबायचं हा हिशेब सतत हलत आला आहे. जागचं हललं नाही ते गाव. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ पिंप्राळ्यात ओढला जातो. जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकीचा, त्यामुळे दोन्ही रथांची गल्लत इथं कुणी करत नाही. निवडणूक जवळ आली की आषाढीच्या गर्दीत इच्छुकांचे पांढरे शर्ट जरा जास्त दिसतात, एवढंच.

जळगावची नगरपालिका 1864 ची. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेशाचं मुख्यालय जळगावात आलं आणि शहर वाढू लागलं. वाढता वाढता ते मेहरूण, पिंप्राळा अशा शेजारच्या गावांना जाऊन भिडलं. पिंप्राळा रेल्वे गेटच्या पलीकडचं. गेट बंद असलं की गाव आणि शहर यांच्यात मालगाडीएवढं अंतर पडायचं, आणि "पूल कधी?" हा सवाल कित्येक निवडणुकांमध्ये प्रचाराला पुरला. शेतं बिनशेती होत गेली, प्लॉट पडले, कॉलन्या उठल्या. आज या भागात गावठाणातला मतदार, कॉलनीतला नोकरदार आणि हुडको वस्तीतला हातावर पोट असलेला माणूस असे तीन वेगळे मतदार आहेत. तिघांच्या मागण्याही एकमेकींशी जुळत नाहीत.

हुडको हे खरं तर घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं नाव. इथं ते वस्तीचं नाव होऊन बसलं. त्यामागे जळगावच्या राजकारणाला सगळ्यात खोल चरा पाडणारं प्रकरण आहे. नव्वदच्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेनं शहराच्या कडेकडेनं 11 हजारांहून जास्त घरकुलं बांधायला काढली. त्यातली जेमतेम दीड हजार पुरी झाली. ठेकेदाराला मात्र सुमारे 29 कोटी रुपये बिनव्याजी आगाऊ दिले गेले होते. 2006 मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयानं माजी मंत्री सुरेश जैन, गुलाबराव देवकर यांच्यासह 48 जणांना दोषी ठरवलं आणि त्यात नगरसेवकांचाच भरणा होता. पुढे अपिलं झाली. पण वॉर्डातल्या माणसाला त्या निकालातून एक गोष्ट कळली: सभागृहात ठरावाला हात वर करणं ही साधी बाब नसते.

आता प्रभागांकडे वळू. 21 मार्च 2003 रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा राज्यात बहुसदस्य प्रभागांचा काळ होता. मग कायदा बदलला आणि 2008 ची निवडणूक एका वॉर्डाला एक नगरसेवक अशी झाली. लोक "आपला मेंबर" म्हणायचे तो हा काळ. नळ आला नाही की कुणाचं दार वाजवायचं, हे तेव्हा माहीत असायचं. 2013 मध्ये 75 जागांसाठी दोन सदस्यांचे प्रभाग आले. 50 टक्के महिला आरक्षणामुळे बहुतेक प्रभागांत एक बाई, एक पुरुष अशी जोडी दिसू लागली. त्यात काही बायका स्वतः काम करत, काहींचा फोन घरचे पुरुष उचलत. त्या वेळी 33 जागा घेऊन सुरेश जैन यांच्या गटाची खान्देश विकास आघाडी सगळ्यात मोठी ठरली, तर भाजप 15 वर होता.

2018 ला चार सदस्यांचे प्रभाग झाले. एकूण 19, त्यातला एक तिघांचा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहर सुमारे 4 लाख 60 हजारांचं, म्हणजे चार जणांच्या प्रभागात साधारण 24 हजार लोक. कागदावर. पिंप्राळ्यासारख्या कडेच्या भागात 2011 नंतर ज्या कॉलन्या उठल्या, त्या या आकड्यात नाहीतच. एवढ्या मोठ्या प्रभागात अपक्षाचा निभाव लागणं कठीण. पक्षाचं पॅनल, पक्षाची गाडी, पक्षाचा खर्च. भाजपला 57, शिवसेनेला 15 आणि एमआयएमला 3 जागा मिळाल्या. पाच वर्षांत 15 वरून 57. यात पद्धतीचा वाटा लाटेपेक्षा कमी नव्हता, असं मला वाटतं.

ते बहुमत टिकलं मात्र नाही. 18 मार्च 2021 च्या महापौर निवडीत भाजपचे 27 नगरसेवक फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. चौघांच्या पॅनलला मत दिलेल्या मतदाराला आपल्या प्रभागातले कोण इकडचे आणि कोण तिकडचे, हे बातम्यांतून शोधावं लागलं. त्याच सुमारास अमृत योजनेच्या जलवाहिनीसाठी रस्ते खोदलेले होते, आणि खड्ड्याची तक्रार घेऊन गेलं की हा नगरसेवक त्याच्याकडे बोट दाखवायचा, तो याच्याकडे.

मुंबईत दरम्यान सरकारं बदलत होती आणि प्रभागही. आधी एक सदस्य, मग तीन, मग 2022 मध्ये पुन्हा चार. यातल्या पहिल्या दोन पद्धती जळगावात मतदानापर्यंत पोचल्याच नाहीत. सप्टेंबर 2023 मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला. त्या काळात पिंप्राळ्यातल्या माणसानं दाखल्याच्या सहीपासून तुंबलेल्या गटारीपर्यंत सगळ्यासाठी माजी नगरसेवकाचंच दार वाजवलं. पद गेलं तरी सवय गेली नव्हती.

15 जानेवारी 2026 रोजी अखेर मतदान झालं. प्रभाग पुन्हा 19, जागा पुन्हा 75 आणि आधार पुन्हा 2011 चीच जनगणना. शहरातल्या काही जागा मात्र मतदानाआधीच बिनविरोध झाल्या होत्या. जिथं तसं झालं, तिथल्या मतदाराला चारपेक्षा कमी बटणं दाबून परत यावं लागलं.