मोहरा माऱ्यात आला, तर लगेच मागे घ्यावा का?

(आमच्या बुद्धिबळ वर्गातील विद्यार्थी आणि पालकांसाठी)

आपला मोहरा माऱ्यात आला की नवख्या खेळाडूचा हात आधी त्याच मोहऱ्याकडे जातो आणि तो मागे घेतला जातो. त्यात एक खेळी खर्ची पडते आणि प्रतिस्पर्ध्याला पुढची खेळी मनासारखी करायला मोकळीक मिळते. म्हणून आमच्या वर्गात माघारीचा विचार सर्वांत शेवटी करायला शिकवतो.

पांढऱ्याने ई४ आणि काळ्याने ई५ खेळल्यावर (अक्षर उभ्या पट्टीचे, अंक आडव्या ओळीचा; नुसते घर सांगितले की ती प्याद्याची खेळी) पांढऱ्याने घोडा एफ३ वर आणला, की काळ्याचे ई५ वरील प्यादे माऱ्यात येते. एफ६ वर प्यादे सरकवून त्याला जोर (संरक्षण) द्यावा, असे अनेक मुलांना वाटते. पण पांढरा घोड्याने ई५ चे प्यादे मारतो, आणि त्या घोड्याला प्याद्याने मारले, तर पांढरा वजीर एच५ वरून शह देतो. हा शह जी६ ने अडवला, तर वजीर ई५ वरील प्यादे मारून पुन्हा शह देतो आणि त्याच वेळी एच८ च्या हत्तीवर रोखला जातो. या बचावाला पोर्तुगीज लेखक दामियानोचे नाव आहे, पण १५१२ च्या आपल्या पुस्तकात त्याने स्वतःच तो वाईट ठरवला होता. डी६ खेळल्यास जोर मिळतो, मात्र एफ८ वरील उंटाची वाट अडते. सी६ वर घोडा आणल्यास जोरही मिळतो आणि नवा मोहराही पटावर येतो, म्हणून नवशिक्यांनी हीच खेळी आधी शिकावी, असे आमचे मत आहे.

चौथा मार्ग प्रतिहल्ल्याचा आहे. स्वतःच्या प्याद्याला जोर न देता काळा एफ६ वर घोडा आणून पांढऱ्याच्या ई४ वरील प्याद्यावर रोख धरतो. यालाच पेट्रोव्ह बचाव म्हणतात. येथे हिशेब मात्र चोख लागतो. पांढऱ्याने ई५ मारल्यावर काळ्याने लगेच ई४ मारले, तर पांढरा वजीर ई२ वर येतो. आता घाबरून काळा घोडा एफ६ ला परत नेला, तर पांढरा घोडा सी६ वर जातो, तो बाजूला होताच ई२ च्या वजिराचा शह उघडतो आणि काळ्याला आपला वजीर गमवावा लागतो. म्हणूनच आधी डी६ खेळून पांढऱ्या घोड्याला हुसकावतात आणि मगच ई४ मारतात. प्रतिहल्ला करण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याकडे एखादा शह शिल्लक आहे का, हे पाहण्याचा आग्रह आम्ही याच डावामुळे धरतो.

थोडे पुढचे उदाहरण असे: दोन्ही बाजूंचे घोडे एफ३, सी६ आणि एफ६ वर आहेत, पांढरा उंट सी४ वर आहे, पांढरा घोडा जी५ ला येतो, काळा डी५ खेळतो आणि पांढरा प्याद्याने ते मारतो. आता काळ्याचा सी६ चा घोडा प्याद्याच्या माऱ्यात आहे. तो ए५ वर न्यावा. काठावरच्या त्या घरातून घोडा चारच घरांवर जोर धरतो, तरी त्या चारांतील एकावर पांढरा उंट उभा असल्याने पांढऱ्याला आधी त्याचीच सोय पाहावी लागते. एक प्यादे कमी असूनही काळ्याचा खेळ मोकळा होतो.

पालकांनी ही उदाहरणे घरच्या पटावर मांडून घ्यावीत आणि मुलाने मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी निदान दोन पर्याय वहीत लिहावेत. पहिल्या उदाहरणात जी६ ऐवजी काळा राजा ई७ वर गेला, तर पांढऱ्याने काय खेळावे, याचे उत्तर पुढच्या तासाला लिहून आणावे.